शहाण्णव वेळा निम्मी होणारी संख्या

७९,२२,८१,६२,५१,४२,६४,३३,७५,९३,५४,३९,५०,३३६ ही २९ अंकी संख्या जैन ग्रंथांत मनुष्यांची संख्या म्हणून येते. २ चा आकडा ९६ वेळा मांडून सगळ्यांचा गुणाकार केला की ती मिळते. आजच्या गणिताच्या भाषेत ती २ चा ९६ वा घात आहे. ग्रंथांत ती ‘पर्याप्त’ मनुष्यांपुरती आहे. आहार, शरीर, इंद्रिये, श्वासोच्छ्वास, भाषा आणि मन या सहा शक्ती ज्यांच्या ठायी पूर्ण झाल्या, ते पर्याप्त मनुष्य. डोळ्यांना न दिसणारे, जन्मताच संपणारे अपूर्ण मनुष्यजीवही जैन शास्त्र मानते, पण ते या गणतीत नाहीत.

या संख्येमागचा प्रश्न धर्माचा आहे. मनुष्यजन्म दुर्लभ, हे कीर्तनात आणि प्रवचनात नेहमी ऐकू येते आणि घरातली वडीलधारी माणसेही ते सांगतात. दुर्लभ म्हणजे थोडे, असा त्याचा सरळ अर्थ लावला जातो. पण ज्या परंपरेने मनुष्यांचा आकडाच मांडून दाखवला, तिने तो थोडका मांडलेला नाही. मग दुर्लभपणा नेमका कशात आहे? संख्येची घडण, तिचे गुणधर्म आणि तिच्याभोवतीची मोजणीची पद्धत या क्रमाने पाहिल्यावर उत्तर सापडते.

धाराशिव जिल्हा आणि ही गणना

संख्येकडे वळण्याआधी ती आजच्या वाचकांपर्यंत कशी आली ते पाहू. धाराशिव जिल्ह्यात या जैन परंपरेची दोन जुनी ठिकाणे आहेत. भूम तालुक्यातले कुंथलगिरी हे दिगंबर जैनांचे सिद्धक्षेत्र. कुलभूषण आणि देशभूषण हे दोन मुनी इथून मोक्षाला गेले, अशी श्रद्धा आहे. दुसरे ठिकाण धाराशिव शहराजवळची, बालाघाटाच्या डोंगरात कोरलेली लेणी. मुनी कनकामर यांच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात तेरापूरजवळच्या लेण्यांची कथा येते. राजा करकंड डोंगरातले पार्श्वनाथाचे लेणे पाहतो, तिथे पाण्याचा लोंढा फुटतो आणि पुढे राजा नवी लेणी खोदवतो. तेरापूर म्हणजे आजचे तेर, प्राचीन तगर. वारकऱ्यांना ते गोरोबाकाकांचे गाव म्हणून माहीत आहे.

हे काव्य १९३४ मध्ये कारंजा येथील जैन ग्रंथमालेत डॉ. हिरालाल जैन यांनी संपादून छापले आणि त्यातली लेणी म्हणजे धाराशिवचीच लेणी, हे दाखवून दिले. अमरावतीच्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या याच संपादकाने ‘षट्खंडागम’ हा दिगंबर आगमग्रंथ आणि त्यावरची वीरसेनांची ‘धवला’ टीका हिंदी अनुवादासह छापायला घेतली. पहिला खंड १९३९ मध्ये अमरावतीहून निघाला आणि पुढे एकूण १६ खंड झाले. मूळ ताडपत्रे मूडबिद्रीच्या भांडारात शतकानुशतके बंद होती. चौथ्या खंडात लखनौ विद्यापीठाचे गणिताचे प्राध्यापक अवधेश नारायण सिंह यांनी धवलेतल्या गणितावर लेख लिहिला आणि मोठ्या संख्यांचे हे शास्त्र आधुनिक वाचकांपुढे आले. शेजारच्या सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने ‘तिलोयपण्णत्ती’ आणि महावीराचार्यांचा ‘गणितसारसंग्रह’ छापून या कामाला जोड दिली.

वर्गांची शिडी

आजचा विद्यार्थी २ चा ९६ वा घात लिहिताना २ वर बारीक अक्षरात ९६ लिहून मोकळा होतो. जुन्या ग्रंथकारांकडे ही खूण नव्हती. त्यांनी दुसरी युक्ती वापरली: एका संख्येचा वर्ग करायचा, आलेल्या उत्तराचा पुन्हा वर्ग करायचा आणि असेच चढत जायचे. २ पासून निघालेल्या या शिडीला द्विरूपवर्गधारा म्हणतात. नेमिचंद्रांच्या ‘त्रिलोकसार’ या ग्रंथात अशा १४ धारा सांगितल्या आहेत. ही त्यांपैकी एक.

२ चा वर्ग ४, हा पहिला वर्ग. दुसरा १६, तिसरा २५६, चौथा ६५,५३६. पाचवा ४,२९,४९,६७,२९६. सहावा १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. सहाच पायऱ्यांत एक अंक वीस अंकांवर जातो, कारण प्रत्येक पायरीवर अंकांची लांबी जवळजवळ दुप्पट होते. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा आणि पुढच्या प्रत्येक घरात दुप्पट दाणे, या गोष्टीत ६४ घरांचे मिळून जेवढे दाणे होतात, त्यापेक्षा सहावा वर्ग बरोबर एकाने मोठा आहे.

एवढे लांब आकडे पाठ ठेवण्यासाठी ग्रंथकारांनी त्यांना टोपणनावे दिली. चौथ्या वर्गाची सुरुवात ६५ ने होते, म्हणून तो ‘पण्णट्ठी’, म्हणजे पासष्टी. पाचव्याची सुरुवात ४२ ने होते, म्हणून तो ‘बादाल’, म्हणजे बेचाळीस. सहाव्याची सुरुवात १८ ने होते, म्हणून तो ‘एकट्ठी’, म्हणजे एक-आठ. व्यापाऱ्याने लांबलचक पावती क्रमांकाचे पहिले दोन आकडे सांगून काम भागवावे, तसाच हा प्रकार आहे.

मनुष्यसंख्या या शिडीवरच्या दोन पायऱ्यांच्या गुणाकारातून येते: पाचवा वर्ग गुणिले सहावा वर्ग. पाचव्यात २ चा आकडा ३२ वेळा आहे, सहाव्यात ६४ वेळा, बेरीज ९६. सहावा वर्ग हा पाचव्याचाच वर्ग असल्यामुळे तीच गोष्ट ‘बादालाचा घन’ अशीही सांगता येते, आणि दिगंबर टीकांत ती तशी सांगितलेली आहे. श्वेतांबरांच्या ‘अनुयोगद्वारसूत्रा’त हीच राशी तीन तऱ्हांनी ओळखवली आहे: ती २९ स्थाने व्यापते, ती पाचव्या व सहाव्या वर्गांचा गुणाकार आहे, आणि तिचे ९६ वेळा निम्मे करता येते. तिथे हा आकडा गर्भज मनुष्यांची किमान संख्या म्हणून येतो. या तीन ओळखी एकमेकींची पडताळणी करतात. नकलताना एखादा आकडा चुकला, तर शहाण्णव वेळा निम्मे होण्याची कसोटी ती चूक लगेच पकडते.

अक्षरांत मांडलेला आकडा

दहाव्या शतकातील नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती यांनी ‘गोम्मटसारा’च्या जीवकांडात हा संपूर्ण २९ अंकी आकडा एका प्राकृत गाथेत बसवला आहे. नेमिचंद्र हे श्रवणबेळगोळची गोम्मटेश्वराची मूर्ती घडवणाऱ्या चामुंडरायाचे गुरू.

गाथेत आकडे नाहीत, अक्षरे आहेत. त्यांना अंक देण्याची रीत ‘कटपयादि’ म्हणून ओळखली जाते. क पासून झ पर्यंत १ ते ९, ट पासून ध पर्यंत पुन्हा १ ते ९, प पासून म पर्यंत १ ते ५, आणि य पासून ह पर्यंत १ ते ८. न आणि ञ म्हणजे शून्य. काना-मात्रांना किंमत नाही. ‘ल’ही ३ आणि ‘ली’ही ३. ‘अंकांची गती डावीकडे’ या नियमाने गाथेतले पहिले अक्षर एककाच्या घरात बसते आणि शेवटचे अक्षर सर्वांत डावीकडे. गाथेचे पहिले अक्षर त आहे. ट १ धरून मोजल्यास त ६ व्या क्रमांकावर येतो, आणि संख्येचा शेवटचा अंक ६ च आहे. अंक सांगणाऱ्या भागाचे शेवटचे अक्षर सा. य १ धरला तर स सातवा, आणि संख्येची सुरुवात ७ ने होते. मधली २७ अक्षरे याच रीतीने उलगडली की २ चा ९६ वा घात एकही अंक न चुकता मिळतो.

या रीतीचा मोठा फायदा असा की आकडा पाठ करायला लागत नाही, ओवीसारखी गाथा पाठ होते. शिवाय वृत्तामुळे एखादे अक्षर गळाले तर म्हणणाऱ्याच्या कानाला ते खटकते.

संख्येचे गुणधर्म

एखाद्या संख्येचे जितक्या वेळा निम्मे करता येते, त्या मोजणीला धवलेत ‘अर्धच्छेद’ म्हटले आहे. १६ चे अर्धच्छेद ४, कारण १६, ८, ४, २, १ असे चार वेळा निम्मे होते. दोन संख्यांच्या गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे त्यांच्या अर्धच्छेदांची बेरीज, हा नियमही तिथे वापरला आहे. शाळेत शिकवले जाणारे लॉगरिदम याच नियमावर चालते. फरक इतकाच की शाळेतला पाया १० असतो आणि इथला २. तीनने भागण्याच्या मोजणीला त्रिकच्छेद आणि चारने भागण्याच्या मोजणीला चतुर्थच्छेद अशी नावे आहेत. मनुष्यसंख्येचे अर्धच्छेद ९६ आणि चतुर्थच्छेद ४८.

ही संख्या पूर्ण वर्ग आहे. तिचे वर्गमूळ २८,१४,७४,९७,६७,१०,६५६. ती पूर्ण घन आहे. घनमूळ म्हणजे बादाल. ९६ ला १, २, ३, ४, ६, ८, १२, १६, २४, ३२, ४८ आणि ९६ असे बारा विभाजक असल्यामुळे ती चौथा, सहावा, आठवा, बारावा असे आणखीही अनेक पूर्ण घात आहे.

तिचा मूळ अवयव एकच, २. म्हणून तिला नि:शेष भागणाऱ्या संख्या फक्त ९७ आहेत: १, २, ४, ८ अशा दुपटीने चढत खुद्द तिच्यापर्यंत. यांतली ती स्वतः सोडून बाकी ९६ विभाजकांची बेरीज केली तर उत्तर तिच्यापेक्षा बरोबर एकाने कमी येते.

भागाकारातही हा एक पुन्हा भेटतो. २, ४, ८, १६ या क्रमाला ३ ने भागले तर बाकी २, १, २, १ अशी आलटून पालटून येते. ९६ वे स्थान सम असल्याने तिथे बाकी १. ७ ने भागले तर २, ४, १ असे तीनाचे चक्र फिरते. ९६ ला ३ ने भाग जातो, म्हणून पुन्हा बाकी १. याच कारणाने ५, ९, १३, १७ आणि ९७ यांनी भागले तरी दरवेळी १ च उरतो. ११ चे चक्र मात्र दहाचे आहे. ९६ ला १० ने भाग जात नाही, त्यामुळे तिथे बाकी ९ येते. सर्व २९ अंकांची बेरीज १२७ होते. १, २ आणि ७ मिळून १०, आणि शेवटी १. नवाची कसोटीही त्यामुळे जुळते.

‘गोम्मटसारा’त पर्याप्त मनुष्यांचे तीन चतुर्थांश स्त्रिया सांगितल्या आहेत. मूळ संख्येला ४ ने सहज भाग जात असल्याने ही वाटणी अपूर्णांक न येता होते: स्त्रियांचा आकडा म्हणजे २ चा ९४ वा घात गुणिले ३. त्याचे ९४ वेळा निम्मे केले की ३ उरतात आणि निम्मे करणे थांबते.

या संख्येला मराठीत नाव नाही. एकम्, दहम्, शतम् करत जाणारी ‘लीलावती’तली परिचित यादी परार्धावर, म्हणजे १८ व्या स्थानावर थांबते. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात झालेल्या महावीराचार्यांनी यादी २४ स्थानांपर्यंत नेली. तीही इथे पाच स्थाने अपुरी पडते. परार्धातच बोलायचे तर ही संख्या ७९,२२८ कोटी १६ लाख २५ हजार १४२ परार्धांहून थोडी जास्त. एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या जाडीचा कागद ९६ वेळा दुमडता आला असता, तर त्याची थप्पी सुमारे ८४ कोटी प्रकाशवर्षे उंच झाली असती.

आकडा आणि वस्तुस्थिती

हा आकडा शिरगणतीचा नाही, हे उघड आहे. संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबाने १५ नोव्हेंबर २०२२ रोजी जगाची लोकसंख्या ८०० कोटींवर गेली. बादाल ४२९ कोटींचा आणि त्याची दुप्पट ८५९ कोटींची. म्हणजे आजची सारी मानवजात पाचव्या वर्गाच्या दुपटीलाही पोचत नाही. तिचे अर्धच्छेद ३३ पेक्षा कमी आहेत, ९६ नव्हेत. पृथ्वीचा सारा पृष्ठभाग, समुद्र धरून, सुमारे ५१ कोटी चौरस किलोमीटर आहे. ग्रंथातले मनुष्य त्यावर उभे केले तर एका चौरस मीटरवर दीडशे लाख कोटींहून अधिक माणसे येतील. जैन विश्वरचनेतले मनुष्यक्षेत्र अडीच द्वीपांचे आणि ४५ लाख योजने व्यासाचे, म्हणजे या पृथ्वीहून कितीतरी मोठे आहे. तरीही दर चौरस योजनामागे सुमारे ५,००० लाख कोटी माणसे येतातच.

परंपरेच्या आतही एक अडचण आहे. ‘षट्खंडागमा’च्या सूत्रात पर्याप्त मनुष्यांची मर्यादा दोन रीतींनी सांगितली आहे: कोटी तीनदा गुणून येणाऱ्या संख्येच्या वर आणि कोटी चारदा गुणून येणाऱ्या संख्येच्या खाली, तसेच सहाव्या वर्गाच्या वर आणि सातव्याच्या खाली. दुसरी मर्यादा आपली संख्या पाळते, कारण ९६ हा आकडा ६४ आणि १२८ यांच्या मध्ये आहे. पहिली मात्र मोडते. कोटी चारदा गुणले की एकावर २८ शून्ये येतात; ही संख्या त्याच्या जवळजवळ आठपट आहे. एकावर २८ शून्ये हीच २९ स्थानांची सर्वांत लहान संख्या. तिच्या खाली राहायचे तर २९ अंक चालतच नाहीत. दोन मर्यादा आणि एक नेमका आकडा हे तिन्ही एकदम खरे असू शकत नाहीत. अंक अक्षरांत कोंडून ठेवणारी परंपरा ही विसंगतीही तशीच जपून पुढे देत आली, त्यामुळे आजचा वाचक ती तपासू शकतो.

चौऱ्याऐंशी लक्ष योनींशी तुलना

मनुष्यजन्माच्या दुर्लभतेचा विषय निघाला की मराठी माणसाला आधी आठवते ते चौऱ्याऐंशी लक्ष योनींचे चक्र. तेरच्या गोरोबाकाकांच्या वारकरी परंपरेत आणि कुंथलगिरीच्या जैन परंपरेत हा आकडा समान आहे. वाटणी मात्र वेगळी. पद्मपुराणाच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या वाटणीत जलचर ९ लाख, स्थावर २० लाख, कृमी ११ लाख, पक्षी १० लाख, पशू ३० लाख आणि मनुष्य ४ लाख. जैन वाटणीत पृथ्वी, जल, अग्नी, वायू यांच्या काया प्रत्येकी ७ लाख, ‘प्रत्येक’ वनस्पती (एका शरीरात एक जीव) १० लाख, ‘साधारण’ वनस्पती (एका शरीरात अनंत जीव) १४ लाख, दोन, तीन आणि चार इंद्रियांचे जीव प्रत्येकी २ लाख, देव, नारकी आणि पंचेंद्रिय तिर्यंच (पशुपक्षी इत्यादी) प्रत्येकी ४ लाख, मनुष्य १४ लाख.

जैन आकड्यांची फोडही दिली जाते. ५ वर्ण, २ गंध, ५ रस, ८ स्पर्श आणि ५ आकार यांचा गुणाकार २,०००. मनुष्यांचे मूळ भेद ७००. ७०० गुणिले २,००० म्हणजे १४ लाख. सर्वांचे मूळ भेद ४,२००, आणि ४,२०० गुणिले २,००० म्हणजे ८४ लाख. म्हणजे ८४ लाख हा जन्मांचा आकडा नव्हे, प्रकारांचा आहे. चार रंगांच्या कापडाचे तीन मापांत सदरे शिवले की बारा प्रकार होतात, तसा. तो सात वेळा निम्मा होतो आणि ६५,६२५ या विषम संख्येवर अडतो. त्याला नि:शेष भागणाऱ्या संख्या १९२ आहेत, मनुष्यसंख्येच्या जवळजवळ दुप्पट. गुणाकारातून जन्मलेल्या आकड्याला असे अनेक अवयव असणे स्वाभाविक आहे.

दोन गोष्टी यातून निघतात. प्रकार मर्यादित असले तरी फेरे मर्यादित होत नाहीत. ८४ लाख प्रकारांत ८४,००,००१ जन्म झाले की निदान एक प्रकार पुन्हा आलेला असतोच. एकेका योनीतून एकदा जाऊन सुटका, असा हिशेब कुठेच बसत नाही. दुसरे म्हणजे प्रकारांच्या वाट्यातून दुर्लभपणा सिद्ध होत नाही. पुराणाच्या वाटणीत मनुष्याचा वाटा २१ त एक, जैन वाटणीत ६ त एक. सोंगटीच्या खेळात फाशावर सहांतले एक दान पडायला माणूस फार वेळ थांबत नाही. दुर्लभता असलीच तर ती प्रकारांत नसून त्या त्या प्रकारातल्या जीवांच्या संख्येत शोधावी लागते.

संख्यात, असंख्यात, अनंत

जैन गणनेत संख्यांच्या तीन जाती आहेत: संख्यात, असंख्यात आणि अनंत. त्यांचे पोटभेद २१ होतात, संख्याताचे ३ आणि उरलेल्या दोघांचे ९-९. मोजणी २ पासून सुरू होते. १ ला संख्या धरत नाहीत, कारण १ ने गुणल्याने काही वाढत नाही.

संख्यात कुठे संपते हे दाखवण्यासाठी मोहरीच्या दाण्यांचा खड्डा कल्पिलेला आहे: व्यास एक लाख योजने, खोली एक हजार योजने, शिगोशीग भरलेला. ‘त्रिलोकसारा’त या पहिल्याच खड्ड्यातल्या दाण्यांचा आकडा ४६ अंकी आहे. पुढे एकेक दाणा एकेका द्वीपावर आणि समुद्रावर टाकत जायचे, शेवटचा दाणा जिथे पडेल तेवढ्या व्यासाचा नवा खड्डा भरायचा आणि हे शलाका, प्रतिशलाका, महाशलाका असे आणखी तीन खड्डे भरेपर्यंत चालवायचे. एवढे केल्यावर जी संख्या येते तिच्यातून एक वजा केला की सर्वांत मोठी संख्यात संख्या मिळते. २९ अंकी मनुष्यसंख्या या वाटेवर पहिल्या खड्ड्याचा तळही झाकू शकत नाही.

तिचे महत्त्व याच तुलनेत आहे. नारकी असंख्यात, देव असंख्यात, वनस्पतींत आणि सूक्ष्म निगोदांत, म्हणजे अनंत जीवांच्या सामायिक शरीरांत, राहणारे जीव अनंत. देव, नारकी, तिर्यंच आणि मनुष्य या चार गतींमध्ये पर्याप्त मनुष्य तेवढे संख्यात. आकडा आणखी पुष्कळ वाढवला, बादालाच्या घनाऐवजी बादालाचा शंभरावा घात घेतला, तरी तो संख्यातच राहतो. आणि अनंताच्या शेजारी कोणत्याही संख्याताचे प्रमाण शून्यच. म्हणून मनुष्यांची संख्या २९ अंकी असणे आणि मनुष्यजन्म दुर्लभ असणे यांत विरोध नाही. दुर्लभ म्हणजे थोडे असा अर्थ इथे लागू पडत नाही. ज्या राशीची मोजणी पुरी होते अशी ती एकटी आहे, हा इथला दुर्लभपणा.

मोक्ष फक्त मनुष्यगतीतून मिळतो, या सिद्धांतामुळे हा भेद व्यवहारात उतरतो. दिगंबर ग्रंथांनुसार दर सहा महिने आणि आठ समयांत (समय म्हणजे काळाचा सर्वांत लहान अंश) ६०८ जीव मुक्त होतात, आणि तेवढेच नित्यनिगोदातून, म्हणजे जिथून ते पूर्वी कधीच बाहेर आले नव्हते त्या निगोदातून, बाहेर पडून संसाराच्या फेऱ्यात येतात. या वेगाने फक्त आजचे पर्याप्त मनुष्य मुक्त व्हायचे म्हटले तरी २६ अंकी वर्षे लागतील. मग प्रश्न येतो, मुक्त झालेला परत येत नाही, तर कधीतरी संसार रिकामा होईल का? वीरसेनांचे उत्तर अनंताच्या व्याख्येत आहे. नवी भर न पडता खर्च होत राहिला तरी जी राशी संपत नाही, ती अनंत. खर्चाने जी संपते ती असंख्यात म्हणावी, तिला अनंत म्हटले तर ते केवळ उपचाराने. जीवराशी पहिल्या प्रकारची असल्यामुळे ६०८ च्या कितीही हप्त्यांनी ती आटत नाही. अनंतातून संख्यात वजा केले तर अनंतच उरते, हा आजच्या संचसिद्धांतातला नियम वेगळ्या शब्दांत आणि वेगळ्या कारणासाठी इथे मांडलेला दिसतो.

या विचाराला अनुसरून वागण्याचे एक सर्वज्ञात उदाहरण जिल्ह्यातच घडले. बेळगाव भागातल्या भोज गावचे आचार्य शांतिसागर यांनी १९५५ मध्ये कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली आणि १८ सप्टेंबरला तिथेच देह ठेवला. सल्लेखनेत अन्न आणि मग पाणी क्रमाने कमी करत नेतात. देह पोसणे थांबते, पण शेवटपर्यंत सावध राहणे सुटत नाही. पर्याप्त मनुष्याच्या सहा शक्तींपैकी आहार आधी सोडायचा आणि मन शेवटपर्यंत राखायचे, असा तो क्रम आहे.

शिरगणती म्हणून २ चा ९६ वा घात टिकत नाही, आणि आगमातल्या एका मर्यादेशीही तो जुळत नाही. वर्गीकरण म्हणून मात्र त्याचे काम चोख आहे. मनुष्य किती, या प्रश्नाचे उत्तर खूप मोठे असूनही ते लिहून संपवता येते आणि शहाण्णव वेळा निम्मे करून एकावर आणता येते. बाकीच्या जीवांबद्दल तोच प्रश्न विचारला तर निम्मे करण्याची मोजणी संपत नाही. मनुष्यजन्माच्या दुर्लभतेचा जैन गणितातला अर्थ तो इतकाच.